अंगातलं वारं की काळजाचं दुखणं

देवीचा अनुभव लिहून काढा, असं आमच्या गल्लीतल्या बायका मला कितीतरी दिवस म्हणत होत्या. तेव्हा लिहिला असता तर चांगला नटवून सजवून लिहिला असता, आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटा निघाला असता. आता खरा लिहायला बसलेय तर हात जड झालाय. घरात कुणी नाही, तरी मी उगीच उठून दाराला कडी घालून आले. अनुभव आईच्या कृपेचाच आहे, त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती कृपा ज्या वाटेनं आली त्या वाटेवर माझी सगळी अब्रू सांडलेली आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, म्हणून आधी तेच सांगते.

मूळ दुखणं सांगायला साधं होतं. माझं काळीज अधूनमधून पळत सुटायचं. चाळिशी ओलांडली आणि हे मागं लागलं. बादली उचलायला वाकले, जिना चढून आले, कधी तर नुसती भाजी निवडत बसलेली असले तरी छातीत टक् असं काहीतरी व्हायचं आणि काळीज पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं धावायला लागायचं. ठोके घशात यायचे. हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी. घाबरून मी मोरीत जायचे आणि तोंडावर गार पाण्याचे हबके मारायचे, की पुन्हा एकदा टक् व्हायचं आणि सगळं एकदम थांबायचं. हळूहळू नाही, दिव्याचं बटण बंद करावं तसं. मग कितीतरी वेळ अंगात त्राण नसायचं. पुढं कधी महिनाभरात पुन्हा, कधी कित्येक महिने काहीच नाही.

आणि दवाखान्यात जावं तर तिथं पोचेपर्यंत काळीज जागेवर आलेलं असायचं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली की स्वच्छ. डॉक्टर म्हणायचे, गॅस आहे, टेन्शन घेऊ नका, सकाळी फिरायला जात जा. एकदा दिवसरात्र छातीला चिकटवून ठेवायचं मशीन दिलं, तर तेवढा वेळ माझं काळीज शहाण्या सुनेसारखं मुकाट्यानं वागलं. मशीन परत केलं आणि आठवडा उलटायच्या आत गुलमंडीत, कापडाच्या दुकानात, मी बाकड्यावरून खाली घसरले. दुकानदारानं पाणी दिलं, मी तोंडावर मारलं, झालं, पुन्हा टुणटुणीत. आमचे हे म्हणाले, "मशीन काय खोटं बोलतं का?" म्हणजे खोटं कोण बोलतं, ते न बोलता सांगून झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुखण्यापेक्षा ढोंगी ठरण्याची लाज जास्त लागते. मी सांगायचंच बंद केलं. पळायला लागलं की मोरीत जाऊन दार लोटून घ्यायचे.

अशातच एका नवरात्रात आमच्या पदमपुऱ्याच्या गल्लीत आरती चालली होती. मला नऊ दिवसांचे उपास, दिवसभर धड पाणीही पोटात नाही. मांडवात गर्दी, कापराचा धूर, संबळ कानाशी वाजतोय, आणि माझं काळीज सुटलं. मोरी जवळ नव्हती. मी खांबाला धरायला गेले, तो हाती लागला नाही, अंबाडा सुटला, गुडघे टेकले, आणि मी डोळे मिटून धापा टाकत झुलायला लागले. मागून कुणीतरी किंचाळलं, "आई आली! अगं, हिच्या अंगात आई आली!" क्षणात माझ्या कपाळावर मळवट भरला गेला, डोक्यावरून लिंबू उतरवलं, "आई राजा उदो उदो" असा गजर झाला. देवी शांत करायची म्हणून रीतीप्रमाणं तांब्याभर गार पाणी माझ्या तोंडावर मारलं, आणि छातीत टक् झालं. काळजाचं पळणं थांबलं, मी डोळे उघडले, तर सगळी गल्ली माझ्या पायाशी.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. बायांनो, हे माझं नेहमीचं दुखणं आहे, उठा, एवढंच म्हणायचं होतं. पण खरं सांगते, जिथं जिथं मी खरं सांगितलं होतं तिथं मला ढोंगी ठरवलं होतं, आणि इथं मी तोंडातून चकार शब्द न काढता सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. तो विश्वास मला सोडवेना. मी मनाची समजूत घातली की काय सांगावं, असेलही आई. डॉक्टरांना सापडत नाही म्हणजे दुखणं नसेल, आणि दुखणं नाही म्हणजे मग दुसरं काय असणार? एवढ्यावर मी दोन वर्षं काढली. मंगळवारी बायका ओटी घेऊन यायच्या, मला पाटावर बसवायच्या. आमचे हे तर माझ्याशी बोलताना चप्पल काढून उभे राहायला लागले. हसू येतं आता, तेव्हा येत नव्हतं.

सगळ्यात जास्त बदलली ती माझी वहिनी. माझं माहेर बिडकीनचं. दादा शेती बघतो. वहिनी घरची कारभारीण, तोंडानं फटकळ, मी दिवाळीला गेले तरी "आली का गं? बस, लसूण सोल" असं तिचं स्वागत. ती वहिनी एसटीनं आली, माझ्यापुढं डोकं टेकलं आणि मला "तुम्ही" म्हणाली. माझ्याहून वयानं मोठी बाई. मी पाय मागं घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. मला बरं वाटलं, किती बरं वाटलं ते लिहितानाही कान तापतात.

दादा-वहिनीला एकच लेक, वर्षा. कॉलेजात शिकायची, कबड्डी खेळायची. त्या वर्षी ती मैदानात दोनदा धाडकन पडली. डोळे फिरवले, थोड्या वेळानं आपली आपण शुद्धीवर आली. पडायच्या आधी छातीत धडधडतं, म्हणाली. वहिनीनं तिला दवाखान्यात नेण्याऐवजी मला विचारायचं ठरवलं. मंगळवारी आली तेव्हा नेमकं माझं काळीज पळत होतं. बायका भोवती बसलेल्या, मी झुलत होते, श्वास पुरत नव्हता. वहिनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आई, माझ्या लेकीला बी तूच बोलावतीस का?" मी म्हणाले, "हं."

तो होकार होता की नुसती धाप, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. आधी मी म्हणायचे, धाप होती. पण नंतर मी शुद्धीवर होते, चहा पीत होते, आणि वहिनी आनंदानं सगळ्यांना सांगत होती की आईनं कबूल केलं. तेव्हा मी कपात बघत राहिले. म्हणजे मग ती धाप राहिली नाही, तो होकारच झाला. बिडकीनला जाऊन वहिनीनं वर्षाचं कॉलेज बंद केलं, खेळ बंद केला, दवाखान्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. येत्या अष्टमीला कर्णपुऱ्याच्या देवळात तिला परडी द्यायची, म्हणजे गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात जोगव्याची परडी घेऊन तिनं जन्मभर देवीची आराधीण व्हायचं. आराधिणींना मी नाव ठेवत नाही, मनापासून घेतलेल्या परडीपुढं मी आजही हात जोडते. पण वर्षानं मला फोनवर विचारलं होतं, "आत्या, खरंच आई हाय का गं? मला तर लई भ्या वाटतं. जीव जातो असं वाटतं." मी तिला म्हणाले, "आईला भ्यायचं नसतं." पोरीला मरणाची भीती वाटत होती, तीच भीती मला दर खेपेला वाटायची, म्हणून मला पक्कं ठाऊक होतं की हिला माझंच दुखणं झालंय. आणि तरी मी तसं म्हणाले.

अष्टमीच्या सकाळी आम्ही सगळे कर्णपुऱ्याच्या यात्रेत. रांग पार आकाशपाळण्याच्या पुढं गेलेली. ऊन चढत होतं. वर्षाला पिवळं लुगडं नेसवलेलं, हातात रिकामी परडी, आणि पोरीचा चेहरा उतरलेला. मी तिच्याकडं बघत नव्हते. मनातल्या मनात आईला म्हणत होते की तूच काहीतरी कर, मला बोलायला लावू नकोस. बघा, मागणं मागितलं तेही भेकडाचं.

देऊळ दिसायला लागलं आणि छातीत टक् झालं. मी खाली बसले. लगेच गजर, लगेच रांग मोडून बायका पायाशी. वहिनीनं पिशवीतून पाण्याचा तांब्या काढला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई घुसली. सुती नऊवारी, डोक्यावर पदर, तोंडात पान. सगळ्यांनी माझे पाय धरले होते, तिनं माझं मनगट धरलं. जरा वेळ तशीच राहिली आणि वहिनीला म्हणाली, "थांबा, पाणी मारू नका."

वहिनी भडकली. "हात काढा आधी! अंगात आलेल्या बाईला असं धरत्यात व्हय? आईचं वारं हाय ते."

"वारं असंल तर आई मला बघून घेईल. माझं मी निस्तरीन," ती बाई म्हणाली. "पर नाडी बघा हिची, मोजता येईना. मला बी असंच व्हायचं. माझी बी पट्टी दर टायमाला चांगलीच यायची, कामून की पळणं थांबल्यावर काढायचे. तुम्ही पाणी मारलं की थांबंल, मंग डॉक्टरला काय दिसंल, माती? चालू हाय तवर न्या हिला."

"कुठं न्यायचं? आईच्या दारातून दवाखान्यात?" वहिनीचा आवाज चिरला. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं पाणी मारा, कुणी म्हणालं ही कोण उपटसुंभ. मग ती बाई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बाई, तुम्हीच बोला आता. आई हाय, का दुखणं हाय?"

वर्षा माझ्याकडं बघत होती. मला वाटलं धरणी फाटावी. दोन वर्षांचा मान, मंगळवारच्या ओट्या, माहेरची इज्जत, सगळं त्या एका उत्तरावर आलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला ती पोर परडी घेऊन उभी होती. "दुखणं हाय," मी म्हणाले. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाले, "दुखणंच हाय, दादा. लई वर्षांचं हाय. रिक्षा बघ." माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावलेली एक बाई होती. तिनं तो हात माझ्या देखत पदराला पुसला. तो पुसलेला हात मला अजून दिसतो.

ती नऊवारीतली बाई आमच्याबरोबर रिक्षात बसली. माझा हात सोडला नाही. स्टेशनरोडच्या बाजूला एका दवाखान्यात शिरलो आणि तिनंच दारातून ओरडून सांगितलं की काळीज पळतंय, आधी पट्टी काढा, बाकीचं मागून विचारा. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. पट्टी सरसरत बाहेर आली आणि तिचा चेहरा उजळला. "सापडलं," ती म्हणाली, "ठोके किती भरभर पडतात बघा. मावशी, इतके दिवस तुम्हाला कुणी गॅस म्हणालं असेल, हो ना?" मी ढसाढसा रडले. मी ढोंगी नव्हते, हे त्या कागदावर निघालं होतं. आणि मी ढोंगी होते, हेही त्याच कागदावर निघालं होतं.

वळून बघितलं तर ती बाई निघाली होती. दादा तिच्यामागं गेला, पाया पडतो म्हणाला, चहा तरी घ्या म्हणाला. ती म्हणाली, "नको बाबा, मला परत लाइन धरायचीय. पैठणची शेवटची एसटी चुकंल माझी." पहाटेपासून उभी राहून मिळवलेली जागा तिनं माझ्यासाठी सोडली होती, आणि आता ती रांगेच्या शेपटाला उभी राहायला चालली होती. तिचं नाव आम्ही विचारलं नाही. ती देवी होती असं मी म्हणणार नाही, देवीच्या नावावर पुष्कळ काही खपवून झालंय माझं. एवढंच म्हणते की मी आईकडं भेकडाचं मागणं मागितलं होतं, आणि आईनं मला सूट दिली नाही, सोबत दिली.

डॉक्टरनं आधी श्वास रोखून पोटाला जोर लावायला सांगितला, संडासला बसल्यावर लावतो तसा. त्यानं थांबलं नाही. मग शिरेत सुई दिली आणि म्हणाली, "आता थोडा वेळ फार विचित्र वाटेल, घाबरू नका." छातीवर कुणी बसल्यासारखं झालं आणि काळीज थांबलं. खरोखर थांबलं, पुढचा ठोका येईना. आजवर मला वाटायचं की अशा घडीला माझ्या तोंडी आईचं नाव येईल. आलं ते, "वर्षा." मग ठोका आला, त्यामागून दुसरा आला, आणि काळीज नीट चालायला लागलं.

मी उठून बसले आणि डॉक्टरला म्हणाले, "माझ्या भाचीची बी काढा पट्टी. ती पडती." वहिनी दारात उभी होती. तिला बोलायचं होतं, ओठ हलले होते. पण दोन वर्षं तिनं माझा शब्द खाली पडू दिला नव्हता. मला नाही म्हणायची तिची सवय मीच मोडली होती, आणि तीच मोडलेली सवय त्या घडीला पोरीच्या कामी आली. वहिनी बाजूला झाली. वर्षा पिवळ्या लुगड्यातच पलंगावर आडवी झाली.

तिचं काळीज तेव्हा पळत नव्हतं, तरी पट्टीत दोष दिसला. डॉक्टरनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. काळजात ठोका पडायला वीज जाते, तिची एक नेहमीची वाट असते. काही माणसांना जन्मापासून एक जास्तीची आडवाट असते. वीज कधी त्या आडवाटेनं फिरून येते, मग तिथंच गरागरा फिरत राहते आणि काळीज पळतं. माझी आडवाट लपलेली होती, पळतानाच कळायची. वर्षाची साध्या पट्टीतही दिसत होती, आणि तीच जास्त धोक्याची. "हे कधी कधी एकाच घरात असतं. ही शुद्ध हरपून पडते, म्हणजे थांबून चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "असंच राहिलं असतं तर एखाद्या वेळी पडली ती उठलीच नसती." गार पाण्याचंही त्यांनी हसून सांगितलं. तोंडावर गार पाणी पडलं की काळजाचा वेग खरोखर उतरतो, बायका करत होत्या ते चुकीचं नव्हतं. चुकीचं फक्त हे, की त्याला दुखणं म्हणणारं कुणी नव्हतं. कुणी नव्हतं कसं? मी होते.

बाहेर बाकड्यावर वहिनी बसली होती. मी तिच्याजवळ गेले. ती खाली बघूनच म्हणाली, "लेकीचं विचारलं तवा हं म्हणलीस. ती आई म्हणली का तू?"

"मी, वहिनी."

"तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मंग मला पाया का पडू दिलंस गं?"

कितीतरी कारणं मी पाठ करून ठेवली होती. डॉक्टरांनी ऐकलं नाही, नवऱ्यानं ऐकलं नाही, मलाही वाटलं असेल देवी. एकही तोंडात आलं नाही. मी म्हणाले, "बरं वाटायचं." वहिनी उठली आणि पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. तिनं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

पुढं वर्षाच्या मांडीच्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत नेऊन ती आडवाट जाळून टाकली. मग माझीही. वर्षाच्या वेळी मी बाहेर बसले होते आणि आईला एकच म्हणत होते की माझ्या चुकीचा हिशेब माझ्याशी कर, पोरीला मध्ये घेऊ नको. ती बरी होऊन बाहेर आली, कॉलेजात गेली, आता मैदानातही जाते. दवाखान्याच्या दिवसांत वहिनी माझ्याच घरी होती. माझ्या हातचं जेवली, ताट स्वतः घासून ठेवलं, माझ्याशी बोलली नाही. बिडकीनला निघताना मात्र वर्षाची औषधं पिशवीत भरता भरता म्हणाली, "दिवाळीला ये. आणि लवकर ये, लसूण तसाच पडतो." मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

गल्लीत मी स्वतः सांगितलं. मंगळवारी बायका आल्या तेव्हा पाटावर न बसता दारातच उभी राहून सांगितलं. काही जणींनी परत माझ्या उंबऱ्याला पाय लावला नाही, त्यांचं बरोबरच आहे. एक म्हातारी तरी ऐकेना, म्हणाली आई डॉक्टरच्या रूपानं आली, आणि खाली वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले आणि तिला खुर्चीवर बसवलं.

हे वाचणाऱ्या कुणाचं काळीज असं अवचित पळत असेल, अवचित थांबत असेल, तर माझं ऐका, निदान या एका बाबतीत माझं ऐका. पट्टी चांगली आली म्हणून स्वतःला ढोंगी समजू नका, आणि कुणी उदो उदो केला म्हणून देवीही समजू नका. पळायला लागलं की खाली बसा, आडवे व्हा, उभ्यानं पडू नका. जमलं तर चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन पट्टी काढा. कसं सुरू झालं, कसं थांबलं, तेव्हा काय करत होता, ते डॉक्टरला सांगा. आणि कुणी शुद्ध हरपून पडत असेल तर कुणालाही कौल विचारत बसू नका, उचलून न्या.

यंदा नवरात्रात मी एकटीच कर्णपुऱ्याला गेले. कुणी ओळखलं नाही, कुणी वाट दिली नाही. वाटलं होतं, दोन वर्षं जी लाज गिळली आणि एक वर्ष जी भोगली, ती आईच्या पायाशी ठेवावी आणि मोकळं व्हावं. शरण जाणं म्हणजे तसंच काहीतरी असतं असं मी समजत होते. पण आईसमोर उभी राहिले आणि वाटलं, ही काही माझ्याकडून घेणार नाही. लाज माझी मलाच सांभाळायची आहे, नाहीतर मी पुन्हा कुठंतरी पाटावर जाऊन बसेन, माझा मला भरवसा नाही. मी हात जोडले. वर्षा जिवंत आहे, आई, एवढंच म्हणता आलं. पुजारी ओरडला, "चला बाई, चला पुढं, लोकं ताटकळलीत." मागून कुणाचंतरी कोपर पाठीत बसलं, आणि मी पुढं सरकले.